वरूडचा ‘रू’, वऱ्हाडचा ‘ऱ्ह’ आणि पॅकेज घडविणाऱ्या साहाय्यक स्क्रिप्ट

मोर्शी आणि वरूड या दोन तालुक्यांतील ग्रामनामांची सूची करण्याचे काम प्रस्तुत लेखकाने आपल्या दोन सहकाऱ्यांसह काही वर्षांपूर्वी हाती घेतले. सूचीचा कच्चा छापा वरूड येथे काही जाणत्या मंडळींपुढे ठेवला असता त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी पहिल्याच पानावर बोट ठेवून विचारले, “सर, आमच्या गावाचं नाव असं काहून छापलं? रूचा खिळा तर येगळा असते.” हे गृहस्थ तरुणपणी अमरावतीस एका छापखान्यात जुळारी होते. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ‘वरूड’ या नावातील दीर्घ ऊकार ‘र’च्या कुशीत यावयाचा, तो इतर व्यंजनांप्रमाणे ‘र’च्या पायाशी लोंबत होता. मग आम्ही सगळीच पाने नव्याने पाहू लागलो. ‘जरूड’ची तीच गत. ‘पुसला’ या नावातील ‘ल’ दंडाचा, हिंदी वळणाचा आला होता. ‘शेंदुरजनाघाट’चा ‘श’ही मराठी वळणाचा नव्हता. आणि ज्या प्रदेशाची सूची, त्या वऱ्हाडाच्या नावात तर ‘र’खाली नुक्ता, त्याला उघडा हलन्त आणि शेजारी सुटा ‘ह’ अशी तीन तुकड्यांची मांडणी दिसत होती.

याच फॉन्टाने याच सूचीची पहिली पाने दोन वर्षांपूर्वी बिनचूक छापली होती. फॉन्टाचे आरेखन कोणी बदलले नव्हते. बदलली होती ती फॉन्टाचे पॅकेज घडविणाऱ्या एका लहानशा स्क्रिप्टभोवतीची परिस्थिती. स्क्रिप्ट मात्र होती तशीच राहिली होती, आणि दोष तेथेच उपजला. या प्रकरणाचा छडा लावताना अशा साहाय्यक स्क्रिप्टांचा जो पूर्वेतिहास पाहावा लागला, तो मराठीच्या अभ्यासकांस उपयोगी वाटेल अशा समजुतीने येथे मांडीत आहे. हा विषय यंत्रज्ञांचा आहे असे म्हणून आपण तो आजवर बाजूस ठेवला. पण आपली हस्तलिखिते, कोश आणि सूची आता याच वाटेने वाचकांपर्यंत जातात.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. ‘स्क्रिप्ट’ला ‘लिपी’ हा प्रतिशब्द काही जण योजतात. प्रस्तुत लेखात देवनागरी लिपीचाच प्रश्न असल्याने तो शब्द घोटाळा करील, यास्तव ‘स्क्रिप्ट’ तशीच ठेवली आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने एकामागून एक करावयाच्या आज्ञांची लिखित यादी. लिनक्स प्रणालीत कोणतीही वस्तू, मग तो लेखनाचा कार्यक्रम असो वा फॉन्ट, मूळ स्वरूपात थेट वापरणाऱ्याच्या हाती जात नाही. मूळ मसुद्यापासून ती घडवावी लागते, तिचे भाग ठरलेल्या कप्प्यांत ठेवावे लागतात, तिला परवान्याचा कागद आणि बदलांची नोंद जोडावी लागते, आणि मग तिचे एक बंद पॅकेज होते. आमच्या वरूडकडे संत्र्याची पेटी भरताना फळ निवडणे, आकाराप्रमाणे लावणे आणि झाकण ठोकणे ही कामे जशी ठरलेल्या क्रमाने होतात, तसाच हा प्रकार. हजारो पॅकेजांत यांतील बहुतेक कामे सारखीच असल्याने ती एकदाच लिहून ठेवून सर्वांनी वापरावयाची, या हेतूने लिहिलेल्या त्या साहाय्यक स्क्रिप्ट.

मराठीच्या अभ्यासकास यावरून मेस्तकाची आठवण व्हावी. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या नावावर मोडणारी जी मेस्तके उपलब्ध आहेत, त्यांत कोणास कोणता मायना लिहावा आणि हिशेबाची मांडणी कशी करावी हे सांगितलेले असते. कारकुनाने दर पत्रास नवे चातुर्य लढवू नये, ठरलेल्या रीतीचा आधार घ्यावा, हा त्यामागील विचार. फरक इतकाच की मेस्तक जुने झाले तरी कारकून आपल्या अकलेने सावरून घेई. संगणक सावरून घेत नाही.

या साधनांचे मूळ शोधू गेल्यास ‘मेक’ या कार्यक्रमापर्यंत जावे लागते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ मध्ये लिहिला. कोणती वस्तू कशापासून घडते आणि घडविण्यासाठी कोणती आज्ञा द्यावी हे एका कागदावर लिहिले की ‘मेक’ ते काम पार पाडतो. त्याचा एक स्वभाव पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे: एखादी आज्ञा फसली की तो तेथेच थांबतो. साध्या शेल स्क्रिप्टचे तसे नाही. मुद्दाम बजावले नसेल तर मधली आज्ञा फसली तरी ती पुढच्या आज्ञेकडे वळते आणि शेवटी काम झाल्यासारखे दाखविते.

१९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक यांनी डेबियन या वितरणाची घोषणा केली. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजाबरोबर ‘रूल्स’ नावाचा एक कागद असतो. हा कागद ‘मेक’च्याच भाषेत लिहिलेला असतो. आरंभीच्या काळात पॅकेज करणारा माणूस नमुन्याचा कागद उतरून घेई आणि आपल्यापुरता फेरफार करी. उतारा घेण्याच्या या रीतीचे गुणदोष पोथ्यांच्या अभ्यासकांस सांगावयास नकोत. मूळ प्रतीतील चूक सर्व शाखांत उतरते, आणि ती दुरुस्त करावयाची तर प्रत्येक प्रत वेगळी हाताळावी लागते.

यावर पहिला उपाय ‘डेबमेक’ या साधनाने केला. क्रिस्टोफ लामेटर यांनी लिहिलेल्या या साधनात ‘डेबस्टड’ नावाचा एकच मोठा कार्यक्रम पुष्कळशी कामे एकहाती करून टाकी. सोय झाली, परंतु त्याने नेमके काय केले हे बाहेरून कळत नसे आणि एखादेच काम निराळ्या रीतीने करावयाचे झाल्यास अडचण येई. १९९७ मध्ये जोई हेस यांनी ‘डेबहेल्पर’ लिहिला, तो याच्या उलट तत्त्वावर. त्यात एका मोठ्या कार्यक्रमाच्या जागी अनेक लहान कार्यक्रम आले: एक कागदपत्रे जागेवर ठेवणारा, एक अनुमती व स्वामित्वाच्या खुणा नीट करणारा, एक पॅकेज बंद करणारा. ‘रूल्स’च्या कागदात त्यांची नावे ओळीने यावयाची. ज्यास जे नको त्याने ती ओळ गाळावी.

या रचनेचा लाभ लवकरच दिसून आला. सर्व पॅकेजांची माहितीपत्रे ‘यूएसआर’ कप्प्यातील ‘डॉक’मधून काढून ‘शेअर’खालील ‘डॉक’मध्ये न्यावयाची, असा बदल १९९९ च्या सुमारास डेबियनमध्ये सुरू झाला. हाताने लिहिलेल्या प्रत्येक ‘रूल्स’मध्ये ही दुरुस्ती वेगळी करणे भाग होते. जेथे साहाय्यक स्क्रिप्ट वापरली होती तेथे ती एके ठिकाणी सुधारली, आणि पॅकेज पुन्हा घडविताच काम झाले. पुढे एप्रिल २००८ मध्ये डेबहेल्परच्या सातव्या आवृत्तीबरोबर ‘डीएच’ ही एकच आज्ञा आली. ती सर्व लहान कार्यक्रम योग्य क्रमाने स्वतःच बोलावते. पानभर लांबीचा ‘रूल्स’ तीन ओळींवर आला. ज्याला काही निराळे हवे असेल त्याने तेवढाच टप्पा आपल्या हाताने लिहावा.

परंतु माझ्या मते डेबहेल्परचे खरे महत्त्व या आटोपशीरपणात नाही. ते ‘सुसंगतीच्या पातळी’त आहे. साहाय्यक स्क्रिप्ट सुधारावी तर जुनी पॅकेज बिघडण्याचे भय. न सुधारावी तर ती काळामागे पडते. यावर तोड अशी की प्रत्येक पॅकेजाने आपण कोणत्या पातळीची रीत धरून लिहिलो आहोत हा आकडा स्पष्ट लिहावा. नवी वागणूक नव्या पातळीसच लागू होते. जुना आकडा लिहिणाऱ्यास जुनीच वागणूक मिळते, मात्र ती पातळी आता टाळावी अशी सूचना दर खेपेस पुढे येते. कित्येक वर्षांनंतर फार जुन्या पातळ्या काढूनही टाकल्या जातात. ज्याने आकडा लिहिला त्याला आपले पॅकेज केव्हा आणि कशामुळे अडणार हे आधीच कळते. शासनाच्या दप्तरांत एखादा नियम बदलताना जुन्या प्रकरणांस जुना नियम लावण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी हे मिळतेजुळते आहे. जोई हेस नोव्हेंबर २०१४ मध्ये डेबियनमधून निवृत्त झाले. त्यानंतर नील्स टिकियर यांनी या साधनाची जोपासना केली, आणि पॅकेज करणाऱ्यांस हा पालकबदल जाणवला नाही. कर्त्याचा हात सुटला तरी साधन चालू राहिले.

रेड हॅट व फेडोरा यांच्या शाखेत हेच काम ‘मॅक्रो’ करतात. १९९५ च्या सुमारास आलेल्या आरपीएम पद्धतीत ‘स्पेक’ नावाचा एकच कागद असतो आणि त्यातील आखूड संकेतांचा विस्तार मॅक्रोंच्या आधारे होतो. त्या शाखेचा सविस्तर इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. फॉन्टांपुरते मात्र सांगितले पाहिजे. २००९ मधील फेडोरा ११ पासून फॉन्टांच्या पॅकेजांसाठी स्वतंत्र मॅक्रो लागू झाले, आणि २०२० मध्ये त्यांची जागा नव्या मॅक्रोसंचाने घेतली. म्हणजे अक्षराच्या एका रेघेतही बदल झालेला नसताना, केवळ रीत बदलली म्हणून, देवनागरी फॉन्टांचे घडणीचे कागद पुन्हा हाताळावे लागले.

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. लिनक्सवर देवनागरी वाचणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून ‘लोहित’ हे फॉन्टकुल केव्हा ना केव्हा गेलेले असते. ‘रेड हॅट’च्या नावातील तांबड्या रंगावरून हे संस्कृत नाव घेतले आहे. या कुलातील फॉन्टांत पुण्याच्या ‘ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्स’ या संस्थेचा २००३ चा स्वामित्वोल्लेख आढळतो. रेड हॅटने २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये परवाना बदलून फॉन्टांसाठी अधिक सोयीचा ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ लावण्यात आला. पुण्यातूनच प्रवीण सातपुते आदींनी त्यांची जोपासना केली, आणि २०१३ पासून ‘लोहित २’ या नावाने फॉन्टाची आतील रचना पुन्हा लिहून काढण्याचे काम झाले.

या नव्या रचनेतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. अक्षरांची आकृती एका फाइलीत आणि जोडाक्षरांचे नियम दुसऱ्या, साध्या मजकुराच्या फाइलीत, अशी विभागणी करण्यात आली. ‘र’ला ‘ऊ’ लागला तर कोणते चिन्ह घ्यावे, ‘ऱ्’पुढे व्यंजन आले तर अर्धचंद्राकृती रफार कसा काढावा, हे नियम त्यामुळे कोणासही वाचता येतात. जॉर्ज विल्यम्स यांनी आरंभिलेल्या ‘फॉन्टफोर्ज’ या साधनाच्या आधारे लहान पायथन स्क्रिप्ट हे नियम आकृतींत मिसळतात आणि त्यांतून तयार फॉन्ट निघतो. खिळ्यांच्या काळी ‘रू’चा वेगळा खिळा उचलण्याचे काम जुळाऱ्याचे होते. आता ती जबाबदारी नियमांच्या फाइलीवर आणि ती मिसळणाऱ्या स्क्रिप्टवर आली आहे. स्क्रिप्टने तो टप्पा गाळला तर ‘रू’चे चिन्ह फॉन्टात असूनही कोणी उचलणार नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांची कथा याहून गुंतागुंतीची. पूर्वी लोहितमध्ये हिंदी, मराठी, नेपाळी, कोंकणी यांसाठी वेगवेगळे फॉन्ट होते. पुढे ते एकाच ‘लोहित देवनागरी’त सामावले. मजकूर मराठी आहे असे कार्यक्रमाने सांगितल्यास त्या एका फॉन्टातूनच पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ निघावा, अशी ती योजना. तत्त्वतः ती निर्दोष आहे. व्यवहारात अनेक कार्यक्रम मजकुराची भाषा कळवीतच नाहीत, आणि मग मराठी वाचकापुढे हिंदी वळण येते. पुढे मराठीसाठी पुन्हा स्वतंत्र पॅकेज निघाले त्याचे कारण हेच असावे, असा माझा तर्क आहे. डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ आणि ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ अशी दोन पॅकेज आढळतात. (यातील ‘देवा’ हा कोणाचा धावा नसून देवनागरीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.) महाराष्ट्र शासनाने देवनागरी वर्णमाला व वर्णलेखन प्रमाणित करणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला, आणि २०२२ मध्ये त्याची सुधारणा केली. निर्णय मुंबईत होतो. त्याप्रमाणे पडद्यावर अक्षर उमटणे मात्र अशा पॅकेजांच्या घडणीवर अवलंबून राहते.

ही घडण किती बाजूंनी ढासळू शकते याची उदाहरणे त्याच काळात सापडतात. डेबियनमध्ये फॉन्टांची नोंद ठेवणारे ‘डिफोमा’ नावाचे व्यवस्थापन होते आणि त्यासाठी डेबहेल्परमध्ये एक साहाय्यक कार्यक्रम होता. डिफोमा कालबाह्य ठरले, तसा तो कार्यक्रमही गेला. ज्या ‘रूल्स’मध्ये त्याचे नाव राहिले ते अडले. लोहितचे मूळ मसुदे ज्या ‘फेडोराहोस्टेड’ संकेतस्थळावर होते ते २०१७ च्या प्रारंभी बंद झाले व मसुदे ‘पागुर’ या नव्या स्थळी गेले. अशा वेळी नवी आवृत्ती आली की नाही हे पाहणाऱ्या स्क्रिप्टांतील पत्ता बदलावा लागतो. पायथन २ चे अधिकृत पोषण १ जानेवारी २०२० रोजी संपले. पायथन २ आणि पायथन ३ यांत व्याकरणाचा भेद आहे. त्यामुळे फॉन्टफोर्ज व पायथन यांच्या आधारे घडणाऱ्या ज्या फॉन्टांच्या स्क्रिप्ट जुन्या बोलीत होत्या, त्या सर्व नव्या बोलीत आणणे प्राप्त झाले.

आमचा अपघात या शेवटच्या वळणावर घडला. सूचीसाठी आम्ही एका मुक्त फॉन्टात स्वतःचे काही फेरफार करून त्याचे खाजगी पॅकेज केले होते. घडणीची स्क्रिप्ट एका माजी विद्यार्थ्याने लिहिली होती. तो नोकरीनिमित्त दूर गेला. स्क्रिप्टसोबत टिपण नव्हते, आणि ते मागून घेण्याचे आम्हांसही सुचले नाही. या स्क्रिप्टमध्ये दोन टप्पे होते. पहिला फॉन्टफोर्जच्या स्वतःच्या आज्ञाभाषेत लिहिलेला असून तो सर्वसाधारण जोडाक्षरांचे नियम मिसळी. दुसरा पायथन २ मध्ये लिहिलेला असून तो आमचे खास नियम, म्हणजे ‘रू’, ‘ऱ्ह’, ‘ल’ आणि ‘श’ यांचे, मिसळी. संगणकाची प्रणाली नवी केली तेव्हा पायथन २ गेले. दुसरा टप्पा फसला. स्क्रिप्ट साध्या शेलमध्ये असल्याने ती थांबली नाही. तिने अपुरा फॉन्ट उचलला, त्याचे पॅकेज केले आणि यशाचा निरोप दिला. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ सगळे ठीक दिसत होते. म्हणून जुळारी गृहस्थांनी बोट ठेवीपर्यंत कोणाच्याही ध्यानात काही आले नाही, आणि यात आम्ही तिघेही समान दोषी आहोत.

शोध घेताना दुसराही एक दोष उघडकीस आला. तो फॉन्टाचा नव्हता. सूचीत ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन निराळे शब्द म्हणून मोजला जात होता. कारण संगणकात हा रफार दोन रीतींनी लिहिता येतो. नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन पुढे ‘ह’ लिहावा, ही युनिकोडची मुख्य रीत. साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह द्यावे, ही दुसरी; युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ती मान्य ठेवलेली आहे. नीट घडलेल्या फॉन्टात दोन्ही सारखेच दिसतात, यास्तव डोळ्यांस भेद कळत नाही. आमचा फॉन्ट बिघडला तेव्हाच तो कळला: एका रीतीने लिहिलेले वऱ्हाड तुकड्यांत दिसले, तर दुसऱ्या रीतीचे निराळ्याच तऱ्हेने मोडले. बिघाडाचा हा एवढाच लाभ.

दुरुस्ती करताना आम्ही जुनी स्क्रिप्ट सुधारीत बसलो नाही. घडणीचे काम डेबहेल्परवर सोपविले, पातळीचा आकडा लिहिला, दुसरा टप्पा पायथन ३ मध्ये आणला आणि प्रत्येक फेरफारामागचे कारण बदलांच्या नोंदीत घातले. फॉन्टफोर्ज तयार फॉन्टात घडणीची वेळ कोरून ठेवते; त्यामुळे एकाच मसुद्यातून दोनदा घडविलेले फॉन्ट तंतोतंत जुळत नाहीत आणि तुलना अवघड होते. डेबियनमध्ये २०१३ पासून चाललेल्या पुनरुत्पादनीय घडणीच्या प्रयत्नांतून यावर उपाय निघाला आहे. घडणीची वेळ बाहेरून ठरवून देण्याचा तो संकेत आम्ही पाळला. शेवटी चाचणीचा एक टप्पा घातला. ‘हार्फबझ’ या अक्षरजुळणीच्या साधनाबरोबर येणारा एक लहान कार्यक्रम दिलेल्या शब्दासाठी फॉन्टातील कोणती चिन्हे निवडली गेली ती सांगतो. त्याला पाच शब्द देतो: वरूड, जरूड, पुसला, शेंदुरजनाघाट, वऱ्हाड. शेवटचा दोन्ही रीतींनी. यांपैकी एकाचेही चिन्ह चुकले तर घडण तेथेच थांबते आणि पॅकेज निघत नाही.

नवा छापा घेऊन मी पुन्हा वरूडला गेलो. त्या गृहस्थांनी ‘रू’ पाहिला, मान हलविली आणि पाने उलटीत राहिले. मग दुसऱ्या पानावर थांबून त्यांनी दाखविले की शेंदुरजनाघाट एके ठिकाणी जोडून आणि दुसऱ्या ठिकाणी तोडून छापले आहे, आणि विचारले, यातलं कोणतं धरायचं? ते पाहण्यासाठी जुने गावनकाशे मागविले आहेत.